लदीनाने खणलेला खड्डा

चाळीस वर्षं मी लोकांना स्कीवर घेऊन डोंगरात हिंडलो. आता गुडघ्यांनी हात टेकले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं, म्हणजे ही फेरी माझी शेवटचीच. खिंडीखालचा तो मोठा उतार एकदा ओलांडायचा आणि पलीकडच्या विश्रामघरात जुन्या दोस्ताला, गिसेपला, भेटायचं, एवढीच इच्छा होती. पण त्या दिवशी वाटाड्या मी नव्हतो, माझी मुलगी लदीना होती. आमच्या वाटाड्यांत रीतच आहे: पुढे चालतो त्याचा शब्द शेवटचा. बाप असला तरी मागून चालायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. ते मला कुठलं जमायला!

सकाळच्या सूचनेत हिमस्खलनाचा धोका पाचापैकी तीन सांगितला होता. उतार दोनशे पावलांवर आला तशी लदीना थांबली. त्याच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या, बिनधोक टेपाडावर तिने फावडं काढलं आणि खणायला लागली. झुरिकहून पैसे भरून आलेले चार पाहुणे थंडीत पाय आपटत उभे.

"अगं, लोक गेल्याच्या खुणा दिसत नाहीत का तुला?" मी म्हणालो.

"दिसतात ना. अर्ध्या बुजल्यात. रात्रभर वाऱ्याने इथे बर्फ आणून टाकलाय, बाबा."

छातीएवढा खड्डा झाला. तिने बर्फाचा एक चौकोनी खांब चारी बाजूंनी मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर थापा मारायला लागली. आधी दहा नुसत्या मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या दुसऱ्याच थापेला वरचा जाड थर सरळ सरकून खाली पडला, म्हणजे खालच्या बर्फाला तो धरूनच नव्हता. खालचे दाणे तिने मुठीत घेऊन दाबले. गोळा होईना. जाड साखरेसारखे बोटांतून गळून गेले.

किती शांत हात होते पोरीचे! घाई नाही, पाहुण्यांवर छाप पाडायची धडपड नाही. खरं सांगतो, छाती भरून आली माझी. आणि त्याच तोंडाने मी म्हणालो, "एकेक करून जाऊ. काही होत नाही."

एवढ्यात मागून तीन तरणी पोरं आली. खड्ड्याकडे बघून हसली आणि सरळ उतारावर गेली. पोरं पलीकडे पोचली, काठ्या हलवल्या आणि दिसेनाशी झाली.

"बघ!" मी जवळजवळ ओरडलोच. "झालं काही?"

लदीनाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज जागेवर होता. "बाबा, तुम्ही इथून किती वेळा गेलात?"

"शंभरदा तरी."

"आणि किती वेळा खणून पाहिलंत?"

मी आठवायला लागलो. चारदा. फार तर पाचदा.

ती पाहुण्यांकडे वळली. "आपण परत जातोय. पैसे, वेळ, वाईट वाटणं, सगळं माझ्या माथी मारा." एकजण कुरकुरला. तिने त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्की वळवल्या. मी शेवटून चाललो. मागे वळून एकदा खिंडीकडे बघितलं, डोळे भरून आले, नाकारत नाही.

संध्याकाळी गावच्या खानावळीत ती तीन पोरं आलीच. "काय चास्परकाका," त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला, "तुमची लेक घाबरट निघाली! आम्ही जाऊन आलो, बर्फाचा कणसुद्धा हलला नाही."

सगळी खानावळ माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या टेबलावरची लदीना मान खाली घालून बसली होती. त्या उतारावरचा बर्फ कोसळलाच नाही, आणि तिचं बरोबर होतं हे तिला कधीच कुणाला दाखवता येणार नव्हतं.

मी उभा राहिलो. गुडघा कळवळला.

"माझ्याही पायाखाली चाळीस वर्षं काही हललं नाही," मी म्हणालो. "लोक मला त्यासाठी मानतात. पण त्यातलं माझं शहाणपण किती आणि नुसतं नशीब किती, ते मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. या पोरीला विचारा. मी गेलो असतो. चार परक्या माणसांना घेऊन, फक्त मला जायचं होतं म्हणून."

लदीनाने वर बघितलं आणि आपल्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.