बसलेले लोक

औशाच्या धुरपताबाईला एकच हौस उरली होती: एकदा तरी बसलेल्या लोकांपुढं गायचं. उभा जन्म बँडच्या गाड्यामागं वरातीत गाण्यात गेला. वरातीत बसतं कोण? घोड्यावरचा नवरदेव, आणि त्याचं लक्ष भलतीकडंच.

गाणं मात्र तिचं जगावेगळं. पहिल्या अंतऱ्यापर्यंत शब्द टिकायचे. मग बाई त्यांना रजा द्यायची आणि ट्रम्पेटच्या मागं नुसतं 'पॅप् पॅ दुवाऽ' करत सुटायची. ट्रम्पेटवाला मडिवाळप्पा मुंबईच्या हॉटेलात वाजवून आलेला. तो म्हणायचा, "बाई, ह्याला जाझ म्हणतेत. तिकडं लोक कोट घालून ऐकतेत." औशात कोटांची वानवा होती, तरी जाझवाली धुरपताबाई पार उदगीरपर्यंत गाजली. तिच्या तोडीचा आवाज मराठवाड्यात दुसरा नव्हता, आणि ज्याला हे पटत नसेल त्यानं खुशाल रेडिओ ऐकावा.

लातूर जिल्हा झाला तसा औशात मांडव पडला. आधी भाषणं, मग धुरपताबाईचं गाणं. पावसानं मात्र दडी मारलेली. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून लोक घागरी मांडीवर घेऊनच आले होते. बाईनंही आपली स्टेजच्या पडद्यामागं ठेवली होती. पण लोक चक्क बसले होते! बाईचे डोळे भरून आले.

पहिल्याच गाण्यात शब्द संपले आणि तिनं ट्रम्पेटच्याही वर सूर लावला. अख्खा मांडव ताडकन उठला आणि घागरी घेऊन रस्त्याकडं पळाला. संगप्पाच्या टँकरचा भोंगा हुबेहूब असाच वाजायचा. मागं उरले एक पाहुणे, तेही झोप लागली होती म्हणून.

"हे बी पळालेच की!" बाईला रडूच फुटलं.

"येतेत माघारी. पाणी कुठं हाय?" मडिवाळप्पा म्हणाला.

आले, पण रिकाम्या घागरी घेऊन, चिडलेले. पुढंच बसणारी साखराबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "धुरपताबाई, आता काय बी काढा. आमी न्हाई उठत!" आणि तिनं फतकल मारली. बाकीच्यांनीही मारली.

मग मात्र बाई जीव ओतून गायली. मडिवाळप्पा डोळे मिटून वाजवत होता, लोक घागरींवर ताल धरत होते. श्वास घ्यायला ती क्षणभर थांबली, तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. बाईचं तोंड मिटलेलंच होतं, पण माइकआड ते कुणाला दिसलं नाही.

"वा! आणखी एकदा!" मांडव ओरडला.

संगप्पानं आणखी एकदा वाजवला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. जन्मात कधी मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या, आणि त्या संगप्पाला!

बसलेल्या लोकांकडं बाईनं डोळे भरून बघून घेतलं. मग स्टेजमागून घागर उचलली आणि पळत सुटली.

टँकरपाशी चिटपाखरू नव्हतं. घागर काठोकाठ भरली, तशी तिला लोकांची दया आली. मांडवाकडं तोंड करून तिनं बेंबीच्या देठापासून तोच सूर लावला.

"बघा, पडद्यामागून गातेत!" आत साखराबाई कौतुकानं म्हणाली.

पुन्हा टाळ्या पडल्या. उठलं मात्र कुणी नाही.