तारीख नसलेली हाक

श्रीपादचा 'आवडलं म्हणून' नावाचा एक ब्लॉग होता, आणि त्या ब्लॉगचा त्याला चोपन्नाव्या वर्षी शोभणार नाही इतका अभिमान होता. आठवडाभर तो विमा ऑफिसात फायली सरकवायचा. पण रविवारी सकाळी आंघोळ आटोपली की स्वारी कॉम्प्युटरसमोर. एक गाणं, एक व्हिडिओ आणि शेवटी एक हाक, असा बारा वर्षांचा शिरस्ता होता. हाक म्हणजे मदतीचं आवाहन. कुणाला रक्त हवं असे, कुणाला व्हीलचेअर, कुठे एखादं झाड वाचवायचं असे. हाक टाकली की श्रीपादला फार मोकळं वाटे आणि तो पुढच्या रविवारच्या गाण्याच्या शोधाला लागे.

चारेक वर्षांपूर्वी त्याने ब्लॉगवरच्या सगळ्या तारखा काढून टाकल्या होत्या. जुनी तारीख दिसली की लोक गाणं न ऐकताच पुढे जातात, असं त्याचं म्हणणं. "चांगल्या गोष्टीला एक्सपायरी डेट असते का?" असं त्याने बायकोला, कुमुदिनीला, मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं.

"दुधाला असते," ती म्हणाली होती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तो ऑफिसात डबा उघडून बसला होता, तेव्हा शहराजवळच्या महू गावाहून फोन आला.

"श्रीपादजी बोलताय का? मी प्रीती. संबोधीची मम्मी."

त्याला आधी संदर्भ लागेना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वीची हाक. सहा वर्षांची मुलगी, रक्ताचा कॅन्सर, ओ निगेटिव्ह रक्त. शाळेच्या युनिफॉर्ममधला, पुढचे दोन दात पडलेला हसरा फोटो आणि खाली आईचा नंबर. त्या वेळी अकरा जण रक्त द्यायला धावले होते. प्रीतीने पाठवलेला आभाराचा मेसेजही त्याने ब्लॉगवर मिरवला होता.

"अरे, हो हो! कशी आहे आपली संबोधी?"



"ती गेली, श्रीपादजी. तुमच्या पोस्टनंतर महिन्याभरात."

श्रीपादच्या हातातला घास हातातच राहिला. "मला... मला पता नव्हतं."

"तुम्ही विचारलंच नाही ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "ती पोस्ट काढून टाका. अजून लोकांचे फोन येतात. पहले महिन्याला दोन-तीन यायचे. आता कुणीतरी परत ग्रुपवर टाकलीय, तर आज सकाळपासून पाच आले. मी शाळेत शिकवते, क्लासमध्ये फोन वाजतो. माझ्याकडून आता नाही होत."

श्रीपादने तिथेच मोबाइलवर ती पोस्ट उघडली. 'आज संध्याकाळपर्यंत रक्त मिळालं नाही तर उशीर होईल', हे त्याचंच वाक्य. तारीख कुठेच नव्हती. वाचणाऱ्या प्रत्येकाला ती संध्याकाळ आजचीच वाटणार होती. दोन वर्षं वाटतच आली होती. त्याला स्वतःची शरम वाटली, अगदी डब्यासमोर बसवेना इतकी.

पोस्ट उडवायला अर्धं मिनिट लागलं. पण त्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून लोकांनी तो केव्हाच गावभर केला होता. मोहल्ल्याचे ग्रुप, मॉर्निंग वॉकवाल्यांचे ग्रुप, सांवेर रोडच्या कारखान्यांतल्या कामगारांचे ग्रुप. श्रीपादने ऑफिसातून हाफ डे घेतला आणि एकेका ओळखीच्याला गाठून लिहायला बसला: 'हा मेसेज जुना आहे, कृपया पुढे पाठवू नका.' खाली मूळ मेसेज जोडला, म्हणजे लोकांना कळावं कोणता. लोकांनी वरची ओळ कापली आणि खालचं पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी प्रीतीला चौदा फोन आले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं झालं.

मग त्याच्या डोक्यात व्हिडिओ शिरला. लोक वाचत नाहीत, बघतात, हे त्याला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने संबोधीचा फोटो घेतला, वर लाल रंगाची मोठी फुली मारली आणि 'हा मेसेज खोटा आहे' असं ठळक अक्षरांत लिहून तो व्हिडिओ सगळीकडे सोडला. त्याच्या कुठल्याही गाण्याला कधी मिळाले नव्हते इतके बघणारे त्या व्हिडिओला एका दिवसात मिळाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटा म्हटल्यावर लोकांना वाटलं, मुलगी खोटी, आजार खोटा, आई लबाड. दोघातिघांनी प्रीतीला फोन करून वाट्टेल ते ऐकवलं.

गुरुवारी संबोधीच्या वडिलांचा, पंचशीलचा, फोन आला. "माझ्या आईने तो व्हिडिओ पाहिला. महिला मंडळाच्या ग्रुपवर आला होता. नातीच्या तोंडावर फुली. कालपासून जेवली नाहीये ती. आता बस करा, भिया. तुम्ही काही करूच नका."

श्रीपादने व्हिडिओ काढला. तोही तोवर त्याच्या हातचा राहिला नव्हता. तो खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला, आणि कुमुदिनीने त्याला रडू दिलं.

"महूला जा," ती शेवटी म्हणाली. "हात जोड आणि गप्प बस. नवीन आयडिया काढू नकोस."

रविवारी ब्लॉगवर काही न टाकण्याची ही बारा वर्षांतली पहिलीच वेळ. श्रीपाद महूच्या बसमध्ये बसला. पंचशीलने दार उघडलं. "जय भीम," तो म्हणाला आणि बाजूला झाला, पण बसा म्हणाला नाही. आत त्याची आई प्रभावती दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्रीती पाण्याचा पेला घेऊन आली. श्रीपादने हात जोडले.

"फोन बंद होत नाहीत," पंचशील म्हणाला. "हिला दोन वर्षं सांगतोय, तो नंबर बंद कर. बँक, शाळा, सब कुछ दुसऱ्या सिमवर आहे. याची गरजच नाही. पण ऐकत नाही."

प्रीती खाली बघत राहिली.

कुमुदिनीची ताकीद मोडून श्रीपाद बोलला. "तो नंबर मला द्या. चूक माझी आहे. जितके फोन येतील, जितकी वर्षं येतील, मी उचलेन. तुम्हाला एकही ऐकावा लागणार नाही."

"दे याला," पंचशील बायकोला म्हणाला. "हाच सांगू दे लोकांना. कळू दे कसं वाटतं ते."

प्रीतीने बराच वेळ मोबाइल नुसता हातात धरला. मग टाचणीने सिम काढलं आणि श्रीपादच्या पंजावर ठेवलं. त्याने ते आपल्या फोनमध्ये घातलं. दहा मिनिटंही झाली नसतील, फोन वाजला. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. प्रभावतीनेही कूस बदलली. श्रीपादने घाईघाईत उचलला तो स्पीकरवरच लागला.

"हलो, मैं नीरज बोल रहा हूँ. ओ निगेटिव्ह है मेरा. अस्पताल के गेट पे खड़ा हूँ, भिया. किस वार्ड में आऊँ?"

"वो मेसेज पुराना है," श्रीपाद म्हणाला. "दो साल पुराना. जरूरत नहीं है अब."

"अच्छा, अच्छा. पर बच्ची ठीक है ना?"

श्रीपादने पंचशीलकडे पाहिलं. पंचशीलने नजर हटवली नाही. खरं तेच सांगायचं, असं श्रीपादने बसमध्येच ठरवलं होतं. "नहीं जी," तो म्हणाला, "वो तो..."

प्रीतीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"मैं उसकी मम्मी बोल रही हूँ," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा, घरगुती झाला होता. "वो एकदम ठीक है, भैया. आप लोगों ने खून दिया था ना, उसी से. तीसरी में है अब. दाँत भी आ गए. बहुत बोलती है. हाँ, हाँ, बोल दूँगी उसको."

तिने फोन बंद केला. पंचशील उभ्याचा खाली बसला.

"तू सगळ्यांना हेच सांगतेस?"

"आधी खरं सांगायचे," ती म्हणाली. "मग ते रडायचे, आणि मीच त्यांना समजावत बसायचे. एकदा एका माणसाला म्हटलं, बरी आहे. त्याला इतकं छान वाटलं. मलाही वाटलं. मग तेच सांगत गेले. पण दिवसाला चौदा वेळा नाही होत हो. घरी आल्यावर ती नसतेच ना."

दिवाणावरची म्हातारी रडायला लागली होती. प्रीतीने पदराने फोनची काच पुसली आणि तो परत श्रीपादच्या हातात दिला.

"गेली म्हणून कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "तिसरीत आहे. एप्रिलमध्ये चौथीत जाईल. तेवढं लक्षात ठेवा."