वाढत्या अंगाचे बाण

आमच्या मुळशीत पोरांसाठी कुठलीही वस्तू आजच्या मापाची घेत नाहीत. शर्ट घेतला तर त्याचा खांदा कोपरापर्यंत उतरला पाहिजे, बूट घेतले तर पुढे कापूस कोंबायला जागा उरली पाहिजे. वाढत्या अंगाचं घेतलंय, असं कौतुकानं सांगतात आणि पोरगं दोन वर्षं बुजगावणं होऊन फिरतं. मी पिरंगुटजवळ भावाच्या रिकाम्या भातखाचरात मुलींना धनुर्विद्या शिकवते, म्हणून हे शहाणपण माझ्याकडे धनुष्य घेऊन येतं.

भूगावचे हैबतराव आले तेव्हा त्यांचा रस्त्याकडेचा प्लॉट नुकताच विकला गेला होता, त्यामुळे त्यांना सगळ्याच विषयांतलं कळत होतं. मुलगी जया, तेरा वर्षांची, मनगटं काडीसारखी. तिच्यासाठी त्यांनी चाळीस पाउंडी धनुष्य आणलं होतं. दोरी पूर्ण ओढायला जेवढा जोर लागतो तो पाउंडात मोजतात, आणि चाळीस पाउंड म्हणजे चांगल्या दणकट बाईचं काम. जयानं सगळा जीव लावून ओढलं तरी दोरी नाकाच्या वीतभर अलीकडेच अडकली.

"ओढंल की दोन वर्सांत," हैबतराव म्हणाले.

"तोवर काय करेल? कपडे वाळत घालेल त्याच्यावर?"

ते धनुष्य आता त्यांच्या हॉलमधल्या भिंतीवर लटकतंय आणि जया माझ्याकडच्या वीस पाउंडी लाकडी धनुष्यावर शिकते. मला या खेळातलं कळतं. माझ्या काळात मी राज्यात बारावी आले होते. ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे पुढची बडबड वाचते.

मन्तशाचे वडील इब्राहिमभाई मात्र बडबड करणाऱ्यांतले नव्हते. पौडच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, तीन शाळांचे गणवेश तेच शिवतात. मन्तशाही तेरा वर्षांची, तीही माझ्याकडच्या वीस पाउंडी धनुष्यावरच शिकायला लागली. बाण मात्र ज्यानं त्यानं आपले आणायचे. धनुष्य भिंतीवर गेल्यावर हैबतरावांनी जयाला साधे लाकडी बाणच घेतले होते, पण इब्राहिमभाईंना त्या महिन्यात तेवढंही जमत नव्हतं. मग मी माझे स्वतःचे बाण तिला दिले. सहा कार्बनचे बाण, ज्यांनी मी राज्यात बारावी आले ते. सगळ्या पालकांसमोर दिले आणि वर म्हणाले, "हे जन्मभर पुरतील." इब्राहिमभाईंनी त्या बाणांसाठी निळ्या जाड कापडाची पिशवी शिवली, आत सहा कप्पे, प्रत्येकाला अस्तर. मला ते आवडलं. केलेल्या उपकाराची कुणी अशी कदर केली की कुणाला आवडत नाही?

आठ महिने मी त्या मुलीवर ओरडले. पेंढ्याच्या गठ्ठ्यावर लावलेल्या कागदावर तिचे बाण डावीकडे जायचे. कधी मधोमध बसायचा एखादा, पुढचा पुन्हा डावीकडे.

"बोटं आखडतेस तू. मधे बघ. लक्ष कुठंय तुझं?"

ती मान हलवायची. उलट शब्द नाही, तक्रार नाही. अशा गप्प मुलींचा मला राग येतो. आत काही शिरतंय की नाही, तेच कळत नाही.

जिल्ह्याच्या संघात आमच्या मैदानातून एकच मुलगी पाठवायची होती. रविवारी सकाळी जया आणि मन्तशा यांच्यात निवड ठेवली, प्रत्येकी अठरा बाण. खरं तर शनिवारीच मी हैबतरावांना फोनवर म्हणाले होते, "जयाचंच समजा." मन्तशाबद्दल मनात ठरवून टाकलं होतं. रविवारनंतर इब्राहिमभाईंना सांगायचं, मुलीला दुकानात बसवा, तिचा हात याला नाही.

रविवारी इब्राहिमभाई मुलीबरोबर आले आणि त्यांच्या हातात सहा नवेच बाण होते. पांढरे, फायबरचे, मागे प्लॅस्टिकची पिवळी पिसं. धरणाकडच्या एका रिसॉर्टमध्ये पर्यटकांच्या हातात देतात ना, तसले. मला हसूच आलं.

"हे कुठून आणलंत?"

"रिसॉर्टातून. त्येंच्या वेटरांचे डगले शिवतो मी. काल कापडं द्यायला गेल्तो. शंभराला एक दिला."

"शंभराचा बाण. आणि माझे सातशेचे पिशवीत झोपलेत."

"मॅडम, तुमचे बाण चांगलेच हायेत," ते म्हणाले. "पर काल राती एक करून बघितलं. दोन स्टुलांवर बाण आडवा ठिवला आन् मधोमध माझी मोटी कात्री टांगली. तुमचा दोन सूत वाकला. ह्यो बोटभर वाकला."

"म्हणजे तुमचा लेचापेचा आहे."

"तितं शिकवणारं पोरगं हाय, त्यानं सांगितलं. बाण सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो म्हणं. जोर कमी आसंल तर मऊ बाण पायजे. ताठ बाण वाकतच न्हाई, मग बाजूला फेकला जातो. तुमचं धनुष्य केवढ्याचं व्हतं?"

"चाळीस."

"हिचं वीस हाय," ते म्हणाले.

एक शिंपी मला रिसॉर्टमधल्या पोराचं ऐकून बाण शिकवत होता. वळसा घालतो म्हणे. मी त्यांना विचारलं की उद्या मी दुकानात येऊन बाही कशी लावायची ते सांगू का. हैबतराव मोठ्यानं हसले. इब्राहिमभाई हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"आंगाला बसतं का न्हाई, येवढंच मी बघतो, मॅडम. आतून कापड जास्त सोडतो, पर आज घालायचं ते आजच्याच मापाचं. सहा बाण सरावाचे मारू द्या तिला. हात बसू द्या, मग मोजायला लागा."

मागणं साधं होतं. मोठ्या स्पर्धांतही सरावाचे बाण देतातच, हे मला माहीत होतं.

"आठ महिने सरावच चालला होता," मी म्हणाले. "आता मोजायचं."

आळीपाळीनं तीन-तीन बाण मारायचे होते. जयाचे पहिले तीन मारून झाले. मग मन्तशा उभी राहिली. पहिला पांढरा बाण उजवीकडे गेला, अगदी कडेला, दहापैकी एक गुण. दुसरा त्याच्याही पलीकडे पेंढ्यात घुसला, शून्य. तिसऱ्याला दोन. आठ महिने डावीकडे मारणारी मुलगी आता उजवीकडे मारत होती.

"घ्या," मी इब्राहिमभाईंना म्हणाले. "शंभर रुपयांची कमाल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीला विचारलं, "नेम कुटं धरलावतास?"

मन्तशानं आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"उजव्या कडंला. रोजच्यासारका."

"उजवीकडं का?"

"मधे धरला की त्यो डावीकडंच जातोय, अब्बा. लई दिवस झाले. म्हून मी कडंला धरते. कदी बसतो, कदी न्हाई बसत."

मी मधे बघ, मधे बघ म्हणून घसा फोडत होते तेव्हा या मुलीचं मधे बघून कधीच झालं होतं. तिला माझ्या बाणांची खोड कळली होती, आणि ती सांभाळून घ्यायला ती एकटीच धडपडत होती. आधी राग आला, तिचाच, की बोलली का नाही. तो राग फार वेळ टिकला नाही. बोलली असती तर मी काय केलं असतं, ते नुकतंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

"आता मधे धर," इब्राहिमभाई म्हणाले.

पुढच्या तीन बाणांचे तेवीस झाले. मग चोवीस, तेवीस, बावीस. फायबरचा बाण जड, सावकाश जातो, त्यामुळे नेम जरा वर धरावा लागतो. तेही तिनं दुसऱ्याच फेरीत आपणहून ओळखलं. बाण एकामागून एक मधल्या पिवळ्यात आणि त्याभोवतीच्या तांबड्यात बसत होते. बोटं तीच होती, माझ्या मते आखडणारी. हैबतरावांनी मोबाइल खिशात घातला आणि बोटांवर बेरीज करायला लागले. शेवटच्या तिनाचे चोवीस झाले.

मी बेरीज तीनदा केली. मन्तशा एकशे एकोणीस. जया एकशे एकवीस.

दोन गुण. सरावाचे सहा सोडाच, दोन बाण दिले असते तरी तिला तिचा नेम सापडला असता. त्या पहिल्या तीन बाणांचा कडेचा नेम तिला माझ्या बाणांनीच शिकवला होता, आणि तो विसरायची संधी मी नाकारली होती. आणि आता मोजलेलं ते मोजलेलं. जयाचे गुण जयाचेच होते, तिनं कुणाचं काही चोरलं नव्हतं. मी कागदावर तिचं नाव लिहिलं.

"माझं चुकलं, इब्राहिमभाई," मी म्हणाले. हे वाक्य मी या मैदानात याआधी कधी उच्चारलं नव्हतं, म्हणून ते फार बारीक आवाजात निघालं.

"पुडच्या वर्सी हायच की," ते म्हणाले आणि पेंढ्यातले बाण उपटायला गेले.

मन्तशा निळी पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. आत माझे सहाच्या सहा बाण होते, पुसून स्वच्छ केलेले, प्रत्येक आपल्या कप्प्यात. तिनं दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली. मी ती घेईपर्यंत हैबतराव मधे येऊन पोचलेच.

"मॅडम, आता ह्ये जयाला द्या. जिल्ह्याला जायाचंय, तितं काय असल्या लाकडी बाणानं मारायचं व्हय? ताठ बाण हायेत, लई वर्सं टिकतील."

त्यांनी हात पुढे केलाही होता. जया मागे उभी राहून आशेनं पिशवीकडे बघत होती.

"मॅडम," मन्तशा म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "जयाला ह्ये देऊ नका. तिचंबी धनुष्य वीसचंच हाय."

हैबतराव हसायला लागले आणि माझ्याकडे बघून थांबले. मी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली, डिकी लावली आणि त्यांना सांगितलं, कुठले बाण घ्यायचे ते इब्राहिमभाईंना विचारा.