चकचकीत पुस्तिकांची कुंडी

आम्ही स्पर्धा हरलो. निकाल लागला, टाळ्या झाल्या, खुर्च्याही उचलून नेल्या. पण आमची टीम तो निकाल मानत नाही, त्यामुळे तो लागलाच नाही असं धरून पुढचं सांगतो.

टीममध्ये मी, ताई आणि बंब. बंब हा ताईच्या वर्गातला. हिरवं काही दिसलं की पाणी ओततो, म्हणून बंब. स्पर्धा पर्यावरणपूरक वस्तूंची, कॉलेजच्या मुलांसाठी. आमची वस्तू म्हणजे रद्दी आणि चहाचा चोथा यांच्या लगद्याची कुंडी. रोपासकट मातीत पुरायची, ती विरघळून जाते, प्लास्टिकची पिशवी वाचते. पहिलं बक्षीस होतं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर जागा. ती आम्हाला हवीच होती, कारण आमचं वर्कशॉप म्हणजे घरची बाथरूम आणि आईचा मिक्सर. बाबांनी तर अंघोळीसाठी जिम लावली होती. व्यायामाशी त्यांचा संबंध नव्हता.

आईने बजावलं होतं, "जागा मिळाली तर ठीक. नाहीतर रविवारपासून माझ्या मिक्सरमध्ये फक्त खायच्या वस्तू."

परीक्षणाच्या सकाळी ताई आणि मी हॉलमध्ये पोचलो तर टेबलावर कुंडी नव्हती. चिखल होता, चिखलात ऐटीत उभं रोप होतं आणि शेजारी रिकामी बादली घेऊन बंब.

"टवटवीत दिसायला हवं ना," तो म्हणाला.

"बंब, कुंडी कुठाय?" ताईने विचारलं.

"विरघळली. म्हणजे डिझाइन चालतं."

"वस्तू टेबलावर हजर पाहिजे, असा नियम आहे."

"हजर आहे की. जरा पसरून बसलीये."

ताई चिडली की ओरडत नाही, बाह्या वर करते. "नवी करायची," ती म्हणाली. आमची पाळी जेवणानंतर होती.

दारापाशी स्पर्धेच्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे पडले होते. जाड, चकचकीत, कुणीही न उघडलेल्या. वर लिहिलेलं, 'कचरा टाळा'. आम्ही उचलल्या. चोथा स्वयंसेवकांच्या चहाच्या पातेल्यातून मिळाला. मी आईला फोन लावला.

"आई, मिक्सर पाठवतेस?"

"तुमच्याकडे? एकट्याला? मीच येते."

ती बसने आली, मिक्सरला खिडकीची जागा देऊन. पुस्तिकांचा लगदा करताना तो कण्हला, तापला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ताईने लगदा बाटलीच्या बुडावर थापला आणि कुंडी स्वच्छतागृहातल्या हात वाळवायच्या मशीनखाली धरली. ओल्या हातांची रांग लागली. बंब दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "पेशंट आत आहे."

परीक्षक आले. मॅडमनी कुंडी निरखली, "सुबक आहे" म्हणाल्या आणि परातीत ठेवून वरून पाणी ओतलं. काही झालं नाही. आणखी ओतलं. बंबला राहवेना, त्याने बादली रिकामी केली. कुंडी जागची हलली नाही. ताईने काठ खरवडला तर नखात प्लास्टिकचा पापुद्रा आला.

"ही विरघळत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ही तुमची पुस्तिका आहे," ताई म्हणाली.

मॅडमनी एक पुस्तिका पाण्यात बुडवून बाहेर काढली. एक अक्षर पुसलं गेलं नव्हतं.

"छपाई मात्र उत्तम झालीये," शेजारचे सर म्हणाले. छपाईचं काम त्यांनीच बघितलं होतं.

आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं, प्लास्टिकमध्ये सीलबंद. जागा गेली. परतताना बसमध्ये ताई तो पापुद्रा उजेडात धरून बघत होती.

"चकचकीत कागद आधीच बाजूला काढायला हवा," ती म्हणाली. "उद्यापासून परत."

आईने मांडीवरचा मिक्सर थोपटला. "मोठं भांडं तुमचं. छोट्याला हात लावलात तर बघा."

तरी आयोजन समितीस नम्र विनंती की, सदर प्रमाणपत्र आम्ही घरामागे रोपाशेजारी पुरले असून बंब त्यास रोज पाणी घालत आहे. ते पूर्णपणे विरघळेपर्यंत स्पर्धेचा निकाल स्थगित ठेवावा व तोवर वर्कशॉपची किल्ली आमच्याकडे सुपूर्द करावी.