असतात

हफीजानं चुकीचं काय सांगितलं, ते तुम्हीच सांगा. राजापूरच्या कचेरीत साहेबानं विचारलं, "नवरा कुठं असतो?" तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "कराचीस असतात." झालं. कागदावर उतरलं: रहिवासी, कराची, पाकिस्तान.

अहो, आमच्या खाडीकाठच्या कुठल्याही बाईला विचारा. कुणाचा मुंबईस असतो, कुणाचा आगबोटीवर असतो. असतो म्हणजे पोटापाण्यासाठी असतो. राहतो तो इथंच, आपल्या चिऱ्याच्या घरात. अयूब कराचीच्या गोदीत लागला तेव्हा कराची काही परदेशात नव्हती. माणूस होता तिथंच राहिला आणि मधून देशच फाटला. पण हे त्या घाटावरच्या साहेबाला कोण सांगणार? देश सोडून गेलेल्याची मिळकत म्हणून अयूबचं अर्धं घर आता सरकारजमा होणार होतं.

उरलेलं अर्धं धाकट्या भावाचं, नझीरचं. तो भावजयीला समजवायला आला.

"भाभी, पुढच्या तारखेला एवढंच सांग, ते नाहीत. मेलेल्याची वाटणी बायकोला मिळते. घर वाचेल."

"आणि ते आले तर?"

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तिनं 'ते नाहीत' हे दोन शब्द एकदा पुटपुटून पाहिले. लगेच 'तौबा' म्हणाली. मग अयूबचाच राग आला, आणि रागानं रडूही आलं.

तारखेला साहेबानं पुन्हा तेच विचारलं.

"असतात," हफीजा म्हणाली. कुठं, ते मात्र सांगेना.

अयूबच्या खोल्यांना सील लागलं. ती नझीरच्या पडवीत आली, जावेच्या चुलीवर जेवू लागली. अख्खा गाव तिला हट्टी म्हणे. ईदेला घर माणसांनी भरायचं आणि ही आपली सील लावलेल्या दाराशी एकटीच बसायची. फार एकटी पडली बिचारी.

पुढं दोन्ही देशांत ये-जा करायला पासपोर्ट निघाले. पंचावन्न साली अयूब पंधरा दिवसांचा व्हिसा घेऊन आला. केस पिकलेले. स्वतःच्या दाराला सील, म्हणून ट्रंक भावाच्या पडवीत ठेवली आणि पाहुण्यासारखा कडेला टेकला. आधी पोलीस ठाण्यावर हजेरी द्यायची होती. हफीजाही बरोबर गेली.

हवालदार जुन्या ओळखीचा. त्यानं सहज विचारलं, "हल्ली कुठं असता, अयूबभाई?"

हफीजाच्या ओठांवर तिचं जुनं उत्तर तयारच होतं.

"कराचीला राहतो," अयूब म्हणाला.

येताना तो जेटीवर कुणाशी बोलत थांबला. ती थांबली नाही. घरी तिची जाऊ रझिया भाकऱ्या थापत होती.

"भाई कुठं?" तिनं विचारलं.

हफीजा चुलीपुढं बसली. लाकूड आत सारत म्हणाली, "असतील."