नऊशे खोट्या ओळखी

मित्रांनो, जिच्यात एकही पुस्तक नाही अशी लायब्ररी पाहिली आहे का? मी तशी आहे. प्रोग्रॅमर लोक कुणालाही वापरता येणाऱ्या आयत्या कोडला लायब्ररी म्हणतात, तसली; जुनी, जेमतेम चाळीस ओळींची. ब्राउझर वेबसाइटच्या दारात गेला की आधी आपली ओळख सांगतो: मी अमुक, माझी आवृत्ती अमुक. माझ्याजवळ अशा नऊशे ओळखींची यादी आहे. कुणी मागितली की डोळे मिटून एक उचलायची आणि द्यायची, एवढंच माझं काम.

मला एका प्रोग्रॅमर मुलीने घडवलं. आपली पानं जुन्या ब्राउझरांवरही नीट दिसतात का, हे तिला तपासायचं होतं. "गुणाची आहे गं माझी," म्हणायची. मग तिने मला सगळ्यांसाठी खुलं केलं आणि ती दुसऱ्या कामाला लागली.

डोळ्यांच्या एका इस्पितळाच्या तपासणीच्या वेळा वेबसाइटवर सकाळी आठला मिळत. त्या पटकावून चढ्या भावाने विकणाऱ्या दलालांनी मला हाताशी धरलं. त्यांचा एकच प्रोग्रॅम हजारदा आत शिरायचा, दर वेळी माझ्याकडून नवी ओळख घेऊन. मिनिटभरात सगळ्या वेळा फस्त! लाज वाटायची, पण मला नाही म्हणता येत नाही. अखेर इस्पितळाने माझ्या यादीतल्या सगळ्या ओळखींना दार बंद केलं. दलालांनी दुसऱ्याच दिवशी नवी यादी भरली. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मला घडवणाऱ्या मुलीचे बाबा दूर, एकटे राहायचे. नजर अधू होत चाललेली आणि संगणक अकरा वर्षांचा. त्यावरच्या जुन्या ब्राउझरची खरी ओळख माझ्या यादीत होती. रोज आठला ते पडद्याला नाक लावून अर्ज भरायचे. उत्तर यायचं, "आपण यंत्र आहात. प्रवेश नाही." इस्पितळात फोन केला तर, "वेबसाइटवरूनच घ्या."

पाच आठवड्यांनी मुलीला कळलं.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तुला कामात कशाला त्रास? म्हटलं, मलाच जमत नसेल."

तिने त्यांच्याकडून ब्राउझरची आवृत्ती विचारून घेतली, माझी यादी उघडली आणि तीच आवृत्ती तिला तिथे सापडली. वेळ तिने दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला स्वतःच्या संगणकावरून मिळवली. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर आधी यायला हवं होतं." बाबांना आता फक्त उजेड कळतो.

मुलीने मला मूळ जागेवरून पुसलं. पण माझ्या हजारो प्रती जगभर पसरल्या आहेत. आत्ताही कुणीतरी हात पुढे करतंय आणि मी देते आहे. मित्रांनो, घडवलेली वस्तू जगात सोडलीत, तर अधूनमधून तिची विचारपूस करा. माझी कुणीच केली नाही.

दलालांच्या खोट्या ओळखींमुळे दार बंद झालं, एवढंच तिने बाबांना सांगितलं होतं. परवा ते फोनवर म्हणाले, "असल्या खोट्या ओळखी वाटणाऱ्याला कुणी आईबाप आहेत की नाहीत गं?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.