कापला एकीचा, जमा दुसरीच्या नावावर

मृण्मयीनं बजाजनगरात गाळा घेतला ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळ कोरडे होते, पण शहर चहूअंगांनी पसरत होतं. जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग, नवे रस्ते, नवे ठेकेदार. ठेकेदारानं कुणाचं बिल दिलं की त्यातून कर कापायचा, सरकारकडं भरायचा आणि तो कुणाचा कापला हे दर तिमाहीला ऑनलाइन कळवायचं, हा नियम. ते काम भल्याभल्यांना जमत नसे. सीएच्या ऑफिसात वर्षानुवर्षं हेच करत आलेल्या मृण्मयीनं शेवटी स्वतःची पाटी लावली.

पहिलं मोठं गिऱ्हाईक इंद्रजीत. बिडकीनकडच्या प्लॉटिंगचे रस्ते त्याच्याकडं होते. ओळखीचे ठेकेदारही त्यानंच आणून दिले. "ताई, यादी मेलवर पाठवतो. तुम्ही फक्त चढवा," म्हणायचा. ती चढवायची.

एका दुपारी भागूबाई गाळ्यात आली. बिडकीनची. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर तिनं स्वतःच्या नावावर जेसीबी घेतला होता, तो इंद्रजीतच्या कामावर चालायचा.

"बँकवाला म्हन्तो, तुमचा कर कुटंच दिसत नाय," तिनं इंद्रजीतच्या सहीची बिलं टेबलावर ठेवली. "दर बिलातून तर कापलाय. मंग गेला कुटं?"

मृण्मयीनं भागूबाईचं आयकर खातं उघडलं. रिकामं. मग इंद्रजीतची यादी काढली. त्यात भागूबाई नव्हती, तिच्या गावचा एकही मशीनवाला नव्हता. सगळं काम सोनियाच्या नावावर. सोनिया म्हणजे इंद्रजीतची बायको. या लोकांचा कापलेला कर तिच्या नावावर जमा व्हायचा आणि रिटर्न भरून त्याचा परतावाही तीच घ्यायची. आणि हे सगळं मृण्मयीनं आपल्या हातानं चढवलं होतं. तिची कानशिलं तापली.

"मावशी, तुमचं नाव पाठवलंच नाही त्यांनी," ती म्हणाली. "मी जाऊन विचारते."

इंद्रजीत साइटवरच्या ऑफिसात भेटला. त्यानं हसून खुर्ची पुढं केली. मृण्मयी बसली नाही.

"यादी दुरुस्त करून द्या. मी सुधारित विवरण भरते."

"ताई, त्या लोकांना कुठं रिटर्न भरायचंय? वाया गेला असता तो पैसा."

"वाया जाऊ द्यायचा की नाही, ते तुम्ही कोण ठरवणार?"

त्याचं हसू मावळलं. "तुमचं काम टायपिंगचं. तेवढं करा. बजाजनगरात मी एक शब्द टाकला तर तुमचं शटर उघडायचं नाही."

"ते माझं मी बघीन," म्हणून ती निघाली ती थेट भागूबाईकडं. ज्यांची जमीन गेली त्यांनाच हा माणूस पुन्हा लुबाडतो आणि वर उपकार केल्यागत बोलतो, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

भागूबाईनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "व्हय का? बरं." दुसऱ्या दिवशी अर्धवट खोदलेल्या रस्त्यात गावच्या सगळ्या मशिनी काम बंद करून उभ्या राहिल्या. प्लॉट बघायला येणारी गिऱ्हाइकं धूळ खात माघारी फिरू लागली. आठवडाभरात इंद्रजीत दुरुस्त यादी आणि विवरणाला लागणारी डिजिटल सही घेऊन गाळ्यात हजर झाला. मागं भागूबाई आणि मशीनवाले होतेच.

"बाईंची टायपिंगची चूक झाली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "करतील आता नीट."

मृण्मयीनं कीबोर्ड बाजूला सारला. त्याचा मेल उघडला आणि स्क्रीन लोकांकडं वळवली. "चूक कुणाची ते आधी सांगा. मग भरते."

भागूबाई दारात आडवी उभी राहिली.

"यादी आमचीच होती," इंद्रजीत खालमानेनं पुटपुटला.

"ऐकू आलं नाय," भागूबाई म्हणाली.

त्याला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. मग सही झाली. पुढं ज्याच्या त्याच्या खात्यावर ज्याचं त्याचं नाव चढलं आणि सोनियाला परतावा व्याजासकट परत भरावा लागला.

इंद्रजीतनं शब्द टाकलाच. त्यानं आणलेले ठेकेदार एकेक करून गेले. 'बाई भांडकुदळ आहे' ही कीर्ती बजाजनगरासकट वाळूजभर झाली. त्याच महिन्यात एका तलावातला गाळ काढल्याबद्दल चौकात इंद्रजीतच्या सत्काराचं होर्डिंग लागलं. मृण्मयी त्याच्याखालून रोज दात-ओठ खात जायची.

तिनं काचेवर कागद चिकटवला: यादीसोबत बिलांच्या प्रती आणल्याशिवाय काम होणार नाही. वाचून कित्येक जण पायरीवरूनच परतले. मग लासूर स्टेशनचा एक आडत्या बिलांनी भरलेली पिशवी घेऊन आत शिरला.

"सगळी आणलीत. घ्या तपासून," तो म्हणाला.

"तपासणारच," ती म्हणाली. राग अजून निवला नव्हता. तिनं पहिलं बिल उचललं.